रात्र गोठली का?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत एकदा तरी येतेच. फोटोत बोटींच्या धक्क्याच्या फळ्या, स्ट्रॉबेरीची पानं आणि गाड्यांचे टप पांढऱ्या पातळ थराखाली दिसतात. पण त्याच बातमीत दिलेलं गावातलं किमान तापमान बऱ्याचदा शून्याच्या चांगलंच वर असतं. मग पाणी गोठलं कसं? हवेचं तापमान जमिनीपासून वर, आडोशाच्या पेटीत मोजलेलं असतं. पान, फळी आणि पत्रा मात्र उघड्यावर असतात. निरभ्र रात्री ते आपली ऊब थेट आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. हवा शून्याच्या वर असली तरी पानावरचं दव गोठतं ते यामुळे.

उन्हाळ्यात बर्फाळ ज्वालामुखी शिखरांवर स्की घेऊन चढायचं आणि स्कीवरून उतरायचं, हा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. दिवसभर उन्हात पाघळलेला बर्फ रात्री गोठला का? गोठला असेल तर पहाटे स्की न रुतता चढता येतं, हिमभेगांवरचे, म्हणजे हिमनदीतल्या खोल फटींवरचे, बर्फाचे पूल वजन पेलतात, वरचे दगड जागेवर राहतात आणि सकाळी ऊन लागल्यावर उतरण्यासारखा सुंदर बर्फ मिळतो. गोठला नसेल तर यातलं काहीच होत नाही. पाय कितीही भक्कम असोत, सामान कितीही महागाचं असो, त्या दिवशी डोंगर बंद आहे असं समजायचं.

मुंबईकराला हे समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलं की ते अंगात मुरतं, कारण याची उलटी बाजू त्याने जन्मभर सोसलेली असते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मळभ दाटलेलं असतं, रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते आणि पंखा गरम हवाच फिरवत राहतो. हवेतली वाफ आणि वरचे ढग जमिनीची उष्णता अडवतात आणि पुन्हा खाली पाठवतात. आकाशावर गोधडी पांघरल्यासारखं होतं. हीच गोधडी हिमशिखरावर पडली तर तिथला बर्फ गोठत नाही. ढगाळ रात्रीला हवा दोन अंशांवर असली तरी बर्फ ओला राहतो, आणि चांदण्यांनी भरलेल्या कोरड्या रात्रीला हवा चार अंशांवर असली तरी वरचा थर टणक होतो. म्हणून उद्याच्या हवामानात नुसतं ‘शून्य अंश किती मीटरवर’ एवढं पाहून भागत नाही. रात्रीचे ढग, वारा आणि हवेतला दमटपणा हे तिन्ही बघावे लागतात. या तिन्हींत ढगांना मी सगळ्यात जास्त मान देतो.

हे डोंगर आहेत तरी कुठे? सगळ्यात प्रसिद्ध रांग अमेरिकेच्या वायव्येला आहे, कॅस्केड पर्वताची. माउंट रेनियर ४,३९२ मीटर, शास्ता ४,३२२, अ‍ॅडम्स ३,७४३, हूड ३,४२९, बेकर ३,२८६. रशियात कॉकेशसमधला एल्ब्रुस ५,६४२ मीटरचा, तोही ज्वालामुखीच. आपल्याकडे हिमालयात हिमनद्या भरपूर, पण असे ज्वालामुखीचे सुळके नाहीत, आणि सह्याद्री ज्वालामुखीतून झालेला असला तरी त्याला शंकूचा आकार नाही. आपला दगड भेगांतून पसरलेल्या लाव्ह्याच्या थरावर थर साचून झाला. म्हणून त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात, जिन्याच्या पायरीवरून आलेला शब्द. कडा, मग पट्टा, मग पुन्हा कडा. कुठल्याही घाटवाटेने चढताना ही रचना पायांना कळते. कॅस्केडचे ज्वालामुखी एकाच मुखातून पुन्हा पुन्हा बाहेर पडलेल्या लाव्ह्याने आणि राखेने रचले गेले, त्यामुळे त्यांच्या बाजू सलग उतरतात, बऱ्याच ठिकाणी २५ ते ३५ अंशांत. स्की करणाऱ्याला याहून काय हवं? मध्ये खिंड नाही, पठार नाही, पुन्हा चढ नाही. एकदा निघालं की हजार-बाराशे मीटर एका दमात खाली.

आणि तिथे एवढा बर्फ का पडतो, हे घाटमाथ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. समुद्रावरून वाफ घेऊन आलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझं टाकतो. आपल्याकडे अरबी समुद्र, आंबोली आणि महाबळेश्वर, तिकडे प्रशांत महासागर आणि कॅस्केड. डोंगर ओलांडला की पूर्वेला आपल्या माण-खटावसारखा कोरडा मुलूख लागतो. फरक इतकाच की त्यांचा पाऊसकाळ हिवाळ्यात, म्हणून तो बर्फ होऊन पडतो. माउंट बेकरजवळच्या स्की केंद्रावर १९९८-९९ च्या एका हंगामात मोजलेला बर्फ २८.९६ मीटर भरला, साधारण नऊ-दहा मजली इमारतीएवढा. एवढा साठा वितळायला ऑगस्ट उजाडतो. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये आकाश भरून येतं तेव्हा तिकडे ते मोकळं व्हायला लागतं. जुलै-ऑगस्ट तर तिकडचे कोरडे महिने. वर भरपूर जुना, दबलेला बर्फ आणि त्यावर निरभ्र रात्री, असा योग मे ते जुलैमध्ये जमतो. रेनियरवर १९३४ मध्येच उंचावरच्या कॅम्प म्यूरपासून खाली पॅराडाइजपर्यंत स्कीची शर्यत झाली होती, आणि माथ्यावरून स्कीने उतरण्याची नोंद १९४८ च्या जुलैची आहे. जुलैची, हे लक्षात घ्या.

आता तो बर्फ जवळून पाहू. इंग्रजीत त्याला मक्याच्या दाण्यांवरून नाव आहे, पण मराठी घरात त्याला अधिक जवळची वस्तू आहे, ती म्हणजे भिजवलेला साबुदाणा. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं आठ-दहा दिवस झालं की बर्फाच्या मूळच्या नाजूक चांदण्या नाहीशा होतात आणि गोल, मोठे, पारदर्शक दाणे उरतात. रात्री त्या दाण्यांमधलं पाणी गोठतं आणि सगळं मिळून फरशीसारखं एकजीव होतं. त्यावर मूठ आपटली तर हात दुखतो. सकाळी ऊन आलं की दाण्यांच्या सांध्यांतलं पाणी आधी सुटतं, आणि वरचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे होतात. खाली फरशी, वर सुटे दाणे. हातात घेतले तर उपवासाच्या खिचडीसाठी नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखे बोटांतून ओघळतात, एकमेकांना चिकटत नाहीत. स्कीची धार त्यात अलगद बसते आणि खालची फरशी आधार देते. वळताना आवाजही ठरावीक येतो, वाळूवरून फळी ओढल्यासारखा मऊ ‘सर्र’.

पण साबुदाण्यात पाणी जास्त झालं तर काय होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. दाणे फुगतात, चिकटतात, गोळा होतो. उताराचंही तेच. वरचे तीन ते पाच सेंटिमीटर सुटे झाले की उतरायची वेळ. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की घाई करायची. पोटरीपर्यंत रुतला तर उशीर झाला, आणि आता तीव्र उतारावर थांबायचं नाही. त्याआधीच डोंगर खुणा देतो. उतारावरून आपोआप छोटे गोळे सुटतात, गुंडाळत गुंडाळत चाकासारखे मोठे होतात. स्कीखालून सुटलेला बर्फ पंख्यासारखा पसरत खाली जातो आणि जाता जाता जाड होतो. हा ओला प्रवाह कोरड्या हिमलोटासारखा सुसाट येत नाही, पण तो फार जड असतो आणि थांबला की अंगाभोवती सिमेंटसारखा बसतो. माणूस पुरला जाण्याइतका मोठा नसला, तरी त्याला ढकलत हिमभेगेत किंवा कड्यावरून टाकायला तो पुरेसा आहे. उतरताना आपण सोडलेला असा बर्फ पाठीमागून आपल्यालाच गाठतो, म्हणून चार-सहा वळणांनंतर बाजूला सरकून त्याला पुढे जाऊ द्यायचं.

आणखी एक फसवी अवस्था असते, पापुद्र्याची. रात्री अर्धवट ढग होते, पहाटे थोडा वेळ आकाश उघडलं, वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर गोठला आणि खाली मात्र चिखल तसाच राहिला. तंबूतून बाहेर पाऊल टाकलं तर टणक लागतं, मन खूश होतं, आणि शंभर पावलांनी पाय आरपार गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून निघण्याआधी काठीची मूठ खाली धरून चार-पाच ठिकाणी जोर देऊन टोचायची. मूठ सहज आत गेली तर पुन्हा झोपायचं. हा निर्णय तीन वाजता घेणं सोपं असतं, नऊ वाजता फार कठीण.

वेळेचा हिशेब उलटा करायचा असतो, आधी उतरायची वेळ, मग निघायची. दक्षिणेकडचा उतार जूनमध्ये साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान तयार होतो, पूर्वेचा त्याआधी, पश्चिमेचा दुपारकडे. बेकरचा दक्षिणेकडचा ईस्टन हिमनदीचा मार्ग घेऊ. साधारण १,८०० मीटरवर मुक्काम केला तर माथा जवळजवळ १,५०० मीटर वर राहतो. पाठीवर सामान घेऊन स्कीवरून तासाला ३०० मीटर उंची गाठणं हा चांगला, टिकणारा वेग आहे. म्हणजे पाच तास, दोर बांधणं, खाणं, पाणी यांचा एक तास, आणि माथ्याखालच्या रोमन वॉल नावाच्या उभ्या चढणीवर स्की पाठीला लावून क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातांवर) चालायला अर्धा तास जास्तीचा. साडेसहा तास. दहाला उतरायचं असेल तर पहाटे साडेतीनला पाऊल टाकायला हवं, आणि त्यासाठी अडीचला स्टोव्ह पेटायला हवा. वर लवकर पोचलात तर अडचण नाही, वारा टाळून बसायचं आणि बर्फ सैल व्हायची वाट पाहायची. गोठलेल्या ३५ अंशांच्या उतारावर स्की निसटली तर माणूस थांबत नाही. वर वाट पाहणं हाही या खेळातला कामाचा भाग आहे, नुसता आराम नव्हे.

चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’, म्हणजे केसाळ पट्ट्या, चिकटवतात. पूर्वी त्या खरोखर सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या किंवा मोहेर लोकरीच्या मिश्रणाच्या. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर अडतो, तीच युक्ती. केस पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. अंधारात, वाऱ्यात त्या लावताना घात होतो तो गोंदाच्या बाजूला बर्फ लागल्याने. एकदा दाणे चिकटले की स्किन सुटत राहते. म्हणून एका वेळी एकच स्की हातात, तळ बाहीने कोरडा पुसायचा, पुढचा आकडा अडकवायचा आणि टोकाकडून शेपटीकडे हाताने दाबत जायचं. बाकी वेळ स्किन जाकिटाच्या आत, अंगाला लागून ठेवायच्या. गोंद थंड झाला की पकडत नाही. सकाळी ऊन वाढल्यावर उलटी अडचण येते. ओल्या स्किनने सावलीतल्या कोरड्या बर्फावर पाऊल टाकलं की तळाला बर्फाचे किलोकिलोचे गोळे चिकटतात आणि प्रत्येक पाऊल वजन उचलल्यासारखं होतं. स्किनला मेण आदल्या दिवशी, कोरडी असताना चोळायचं असतं, वाटेत त्याचा अर्धाच उपयोग होतो.

पहाटेच्या फरशीवर नुसत्या स्किन पुरत नाहीत. बुटाखाली बसणारे स्कीचे क्रॅम्पॉन असतात, पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंचे दात बर्फात घुसतात. ते घसरायला लागल्यावर लावायला जाणं ही नेहमीची चूक आहे. उतारावर एका पायावर उभं राहून ते लावताना पहिली स्की सुटून जाते. उतार वाढतोय असं दिसलं की सपाटीवरच लावून घ्यायचे. आणि ज्या टप्प्यावर पुढच्या वळणाची काळजी वाटू लागते, त्याच्या आधीच्या सपाटीवर स्की काढून बुटाचे क्रॅम्पॉन चढवायचे. सह्याद्रीत कातळटप्प्याआधी आपण थांबून दोर काढतो, टप्प्यावर चढून मग नाही, तेच शहाणपण.

हिमभेगांबद्दल दोन गोष्टी नीट समजायला हव्यात. पहिली गोष्ट, स्की म्हणजे मोठा पाय. सामानासकट ८५ किलोचा माणूस बुटाने साधारण ३०० चौरस सेंटिमीटरवर उभा असतो. १६५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी १० सेंटिमीटर रुंद स्कीवर तोच माणूस १,६५० चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. ज्या बर्फपुलातून चालणारा आत जातो, तो पूल स्कीवाला कित्येकदा नकळत ओलांडतो. पण म्हणूनच तीव्र भागात स्की काढून पाठीवर घेतली की धोका एकदम वाढतो, आणि थकल्यावर ‘जरा बसू’ म्हणून स्की काढून चार पावलं बाजूला जाणं हे या डोंगरांवर करू नये. दुसरी गोष्ट जागेची. हिमनदी जिथे उतार बदलून फुगते, जिथे वळते, जिथे खालच्या खडकावरून वाकते, तिथे ती फाटते. जूनमध्ये या भेगा झाकलेल्या असतात. जुलैच्या मध्यापासून त्यांच्यावरचा बर्फ खचतो आणि तिरप्या उन्हात लांबट, किंचित काळपट खोलगट रेघ दिसते. सकाळी आठच्या उन्हात ती दिसते, दुपारी बाराच्या डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही.

चढताना दोरात जातात. दोघेच असतील तर मध्ये १५ ते २० मीटर अंतर आणि त्यात दोन-तीन गाठी, भेगेच्या काठात अडकून पडणाऱ्याला थांबवण्यासाठी. उतरताना बहुतेक जण दोर काढतात, कारण दोरात बांधलेले दोघे एकाच लयीत वळू शकत नाहीत आणि एक दुसऱ्याला पाडतो. इथे एक चूक फार महागात पडते. दोर एकाच्याच पाठीवर असतो आणि तोच भेगेत जातो. मग वर उरलेल्याच्या हातात काही नसतं. दोर शेवटून येणाऱ्याकडे हवा, आणि शक्य असेल तर प्रत्येकाकडे आपापला हलका तीस मीटरचा. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, उतरतानाही अंगावरच राहतो, त्यातून एक लांब पट्टा पाठपिशवीच्या खांद्यापर्यंत आणून ठेवलेला, म्हणजे खाली अडकलेल्याला वरून दोर पटकन लावता येतो. धुकं आलं तर वेग सोडून पुन्हा दोर बांधायचा.

शंकूच्या आकारात एक गणिती सापळा आहे. सह्याद्रीच्या सोंडेवरून उतरताना दोन्ही बाजूंची दरी आपल्याला वाटेवर ठेवते. शंकूवर तसं नसतं. माथ्यावरून सगळ्या दिशांना सारखाच उतार जातो आणि खाली खाली त्या वाटा एकमेकींपासून लांब होत जातात. वर दिशा १० अंशांनी चुकली तर पाच किलोमीटर खाली आल्यावर साधारण ८७० मीटर बाजूला गेलेलो असतो, आणि स्कीवर पाच किलोमीटर म्हणजे काही मिनिटांची गोष्ट. मध्ये हिमनदीच्या भेगांची माळ किंवा दगडी सोंड आली तर परत वर चढणं हाच मार्ग उरतो. रेनियरला पायथ्याने फेरी घालणारी वाट सुमारे १५० किलोमीटरची आहे, यावरून चुकीच्या बाजूला उतरण्याचा अर्थ कळावा. चढताना जीपीएसवर मार्ग नोंदवत जायचा, आणि उतरताना दर दोनशे मीटर उंचीला थांबून तो ताडून बघायचा, आकाश निळंभोर असलं तरी.

आकाश बिघडणार असेल तर हे डोंगर आधी सांगतात. माथ्यावर गुळगुळीत, भिंगाच्या आकाराचा ढग बसतो, डोंगराने टोपी घातल्यासारखा. खालून तो स्थिर आणि सुंदर दिसतो, आत मात्र भन्नाट वारा आणि शून्य दृश्यता असते. टोपी जाड होत खाली उतरायला लागली की तिच्या आत जाऊ नये.

आणि ज्वालामुखी आहे, हे विसरायचं नाही. बेकरच्या शर्मन विवरातून वाफ येते, हूडच्या माथ्याखालीही गरम वायूंची तोंडं आहेत, रेनियरच्या माथ्यावरच्या विवरात या वाफेने बर्फाखाली गुहा कोरल्या आहेत. वरून सपाट दिसणारा बर्फ खाली पोकळ असू शकतो. भेगेत पडलं तर थंडी आणि मार असतो, इथे त्यात विषारी हवेची भर पडते. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही हवेपेक्षा जड, खड्ड्यात तळाशी साचतात. सडक्या अंड्याचा वास आला तर सावध व्हायचं, पण वास थांबला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, कारण जास्त प्रमाणात हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आणि कार्बन डायऑक्साइडला तर वासच नसतो. २००६ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर अशाच एका वायुमुखाच्या खड्ड्यात स्की गस्तीवरचे तीन जण मरण पावले. बर्फाच्छादित उतारावर उघडा, ओलसर, पिवळट दगड दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नये, आणि कुणी आत पडलं तर त्याच्यामागे उडी घेऊ नये.

मुंबई-ठाण्यातल्या मंडळींचं यातलं ओळखीचं शिखर म्हणजे एल्ब्रुस. युरोपचं सर्वोच्च म्हणून तिथे पायी जाणारे आपल्यात पुष्कळ. पायी जाणाऱ्यांचा हंगाम जुलै-ऑगस्ट, पण स्कीसाठी मे-जून चांगला, कारण उन्हाळा पुढे सरकला की पास्तुखोव्ह खडकांच्या वरच्या भागात बर्फ उडून, वितळून खालचा निळा, काचेसारखा बर्फ उघडा पडतो. त्यावर स्कीची धारही धरत नाही. दक्षिणेकडे रोपवे ३,८४७ मीटरवरच्या गारा-बाशीपर्यंत नेतो. हीच सोय घातक ठरते. समुद्रसपाटीवर राहणारा माणूस अर्ध्या तासात जवळजवळ चार हजार मीटरवर पोचतो आणि शरीराला काही कळतच नाही. तिथे तीन-चार दिवस वर जाऊन खाली झोपायचं, मग माथा. आणि वाट झेंड्यांनी आखलेली असते, तिच्या बाजूला हिमनदी भेगाळलेली आहे. मोकळा, रुंद उतार पाहून स्कीवाल्याला बाजूच्या कोऱ्या बर्फाचा मोह होतो. झेंडे दिसतील एवढ्याच अंतरात राहावं.

मुंबईत राहून तयारी कशाची होते आणि कशाची नाही, हे स्वच्छ मांडलेलं बरं. दम आणि मांड्या इथे होतात. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर वीस मजली इमारत साठ मीटरची. पाठीवर १२ किलो घेऊन ती वीस वेळा चढली की १,२०० मीटर झाले, माथ्याच्या दिवसाच्या जवळपास. उतरायला लिफ्ट घेऊ नये. स्कीवर मांड्या जळतात त्या उतरतानाच, आणि स्नायूला आवळलेल्या स्थितीत लांबण्याची सवय जिना उतरण्यानेच लागते. सह्याद्रीतला घसारा पावलाला वजन कुठे टाकायचं ते शिकवतो. दोर, गाठी, भेगेतून वर काढण्याची कप्प्यांची रचना घरात, पंख्याच्या हुकाखाली नाही, इमारतीच्या गच्चीवर भक्कम खांबाला बांधून शंभरदा करता येते. हातमोजे घालून, डोळे मिटून जमेपर्यंत करावी.

स्की मात्र इथे येत नाही. त्यासाठी जानेवारी ते मार्च गुलमर्ग किंवा औली, आणि तेही एका आठवड्यात नाही. हिमनदीवरच्या चालण्यासाठी उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम. आपल्याकडचे चांगले गिर्यारोहक एक क्रम उलटा करतात असं मला वाटतं. चढण्याची ताकद आहे, म्हणून स्की जेमतेम येत असताना मोठ्या शिखराला हात घालतात. वर पोचतात, आणि मग पाय थरथरत असताना, पाठीवर १२ किलो असताना, अनोळखी बर्फावर पहिल्यांदा खरी स्की करावी लागते. दाबून सपाट केलेल्या उतारावर जो निवांत वळतो, त्याची ताकद तिथे निम्म्यावर येते. गुलमर्गला पाठपिशवी भरून, दुपारच्या ओल्या, खडबडीत बर्फावर, दिवसाच्या शेवटी ज्याला थांबता येतं आणि दोन्ही बाजूंना वळता येतं, त्याने पुढचा विचार करावा.

ऊन हा वेगळा विषय आहे. घाम आपल्याला ओळखीचा, पण तिथे तो दिसत नाही, कोरडी हवा लगेच पिऊन टाकते. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, दिवसाला तीन लिटर धरून चालायचं. बर्फावरून ऊन खालून वर येतं, म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानामागे, जिभेने ओठ चाटल्यावर निघून जाणाऱ्या जागी पुन्हा पुन्हा मलम. चष्मा श्रेणी चारचा, म्हणजे सर्वांत गडद काचांचा, बाजू झाकलेला. दोन तास उघड्या डोळ्यांनी काढले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि दुसरा दिवस जातो.

परवाने आणि नियमांचं आधी पाहून ठेवावं. रेनियरवर १०,००० फुटांच्या वर किंवा हिमनदीवर जायला चढाईचा परवाना लागतो, आणि विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. ती पिशवी पाठपिशवीच्या बाहेर अडकवू नये, पहिल्याच पडण्यात फाटते.

उताराचा शेवट बहुधा देखणा नसतो. खाली खाली बर्फावर धूळ, पाइनच्या सुया आणि फांद्या दिसू लागतात. उन्हाने खड्डे-खड्डे झालेला, अंड्यांच्या ट्रेसारखा पृष्ठभाग लागतो, गुडघे ठोकत जातात. मग बर्फाच्या पट्ट्या, मध्ये दगड, मध्ये झरे. बर्फाखालून वाहणाऱ्या ओढ्याचा आवाज आला तर तो पट्टा ओलांडायचा नाही, कडेने जायचं. शेवटच्या पट्टीपर्यंत स्की ताणायचा मोह टाळावा. दगडावर घासलेला तळ आणि वाकलेली कड हे नुकसान तिथेच होतं.

आणि सामान मुंबईत परत येतं तेव्हा इथे पाऊस लागलेला असतो. खाऱ्या, दमट हवेत स्कीची पोलादी कड पंधरा दिवसांत तांबूस होते, बुटाच्या आतल्या अस्तरात बुरशी धरते, स्किनचा गोंद आपल्याच गोंदाला कायमचा चिकटतो. घरी आल्या आल्या अस्तर बाहेर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवावं, उन्हात किंवा हीटरजवळ नाही. स्किनच्या गोंदाच्या बाजूला त्यांच्यासोबत आलेली जाळी लावून घडी करावी आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावी. कडेवरचा गंज रबरी खडूने घासून काढावा, मग तळावर आणि कडेवरून ओघळेल असं जाड मेण इस्त्रीने लावावं. खरवडायचं नाही. ते तसंच, पांढरट, ओबडधोबड थराखाली, ऑक्टोबरच्या उकाड्यातून, पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटावर राहू द्यायचं.